बंद मीटरचे किलोमीटर

गाडीचा हॉर्न बंद पडला तर पहिल्याच नाक्यावर कळते. ब्रेक सैल झाला तर पायाला कळते. किलोमीटरचे आकडे फिरायचे थांबले तर मात्र महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. गाडी धावत राहते, वेगाचा काटा हलत राहतो, पेट्रोल नेहमीसारखे संपत राहते. कधीतरी ऑइल बदलायची वेळ आली का म्हणून नजर जाते, आणि गेल्या दिवाळीला होता तोच आकडा समोर दिसतो. मधल्या काळात गाडी किती चालली, हे सांगायला कुणी उरलेले नसते.

बोईसर आणि आसपासच्या गावांत अशा गाड्या पुष्कळ आहेत. नवापूर, मुरबे, चिंचणी, वाणगाव, उमरोळी इथून स्टेशन गाठायला किंवा एमआयडीसीतल्या पाळीला जायला ठेवलेली एखादी जुनी मारुती ८००. नंबर बहुधा एमएच-०४, कारण पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला त्याच्या कितीतरी आधी तिचे पासिंग ठाण्याला झालेले. त्याच २०१४ सालच्या जानेवारीत मारुती ८०० चे उत्पादनही थांबले. गाड्या राहिल्या, त्यांचे नवे सुटे भाग हळूहळू दुकानांतून कमी होत गेले. मीटरच्या पोटातला नखाएवढा प्लास्टिकचा गिअर तर सुटा कधी विकायलाच नव्हता. दुकानदार म्हणतो, अख्खा मीटर घ्या.

घ्यावा का? की तो गिअर बदलावा? आणि बदलला, तर आकडे कुठून सुरू करावेत? पहिले दोन प्रश्न हाताच्या कौशल्याचे आहेत, तिसरा निराळ्या जातीचा आहे. त्या तिसऱ्यासाठीच हा संवाद मी रचला आहे. यातली दोन माणसे कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. मामा तारापूरच्या अणुवीज केंद्रात उपकरण विभागात टेक्निशियन होते, आता निवृत्त. भाची जुन्या गाड्या तपासून त्यांची किंमत ठरवण्याचे काम करते. विरारपासून वापीपर्यंत फिरते. मामांची १९९८ सालची मारुती ८०० विकायची आहे आणि तिचा मीटर ८४,३१६ वर थांबलेला आहे.

भाची : काटा हलतोय ना मामा? मग केबल शाबूत आहे. दोन्ही बंद असतं तर केबल तुटली असती, नाहीतर गिअरबॉक्सवरचं पिनियन गेलं असतं. नुसते आकडे बंद, म्हणजे मीटरच्या आतली गरारी गेली. उगाच उघडत बसू नका. कुर्ल्याहून जुना मीटर आणते, अर्ध्या तासात बसेल.

मामा : आणि त्या मीटरवर आकडा कोणाचा असेल?

भाची : ज्या गाडीतून काढला तिचा.

मामा : मग माझ्या गाडीवर दुसऱ्याच गाडीचं रनिंग आलं. ती गाडी कोणाची, कुठे भंगारात गेली, देव जाणे. आणि गिऱ्हाईकाला आपण सांगणार, ही बघा, इतकी चालली.

भाची : पण तो मीटर निदान चालू तरी असेल.

मामा : चालू असणं आणि खरं असणं वेगळं, बाळा. आमच्याकडे एखादा प्रेशर गेज बदलला तर नवा गेज कुठून आला, कधी तपासला, त्याचा टॅग त्याच्या गळ्यात असायचा. टॅग नसलेला गेज पाइपवर असला तरी आमच्या लेखी नव्हता.

इथे पहिला मुद्दा मामांनी जिंकला असे मला वाटते. अख्खा मीटर बदलणे हे सर्वांत स्वच्छ काम दिसते. हात काळे होत नाहीत, काटा बिघडत नाही. पण त्यात गाडीचा इतिहास काढून टाकून परका इतिहास बसवला जातो, आणि हे करताना कुणाला काही गैर केल्यासारखेही वाटत नाही. फसवायचा हेतू नसताना झालेली फसवणूक ती हीच.

मामांनी मीटर काढला. बॅटरीची तार सोडली, मागची केबल दाबून सुटी केली, काच उतरवली.

भाची : काटा चालतो आणि आकडे चालत नाहीत, हे मला नेहमी नवल वाटतं. दोघांना केबल तर एकच.

मामा : केबल एक, वाट वेगळी. केबलीच्या टोकाला हे लोहचुंबक फिरतं. त्याच्यावर ही अ‍ॅल्युमिनिअमची वाटी. चुंबक वाटीला शिवत नाही. ते फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागून ओढली जाते. ही केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा. काट्याच्या वाटेवर एकही दाता नाही, म्हणून झिजायला काही नाही. आकड्यांची वाट पुरती दात्यांची. चुंबकाच्या दांड्यावर हा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटा, कोरलेला आहे, त्याच्यावर एक गिअर, त्याच्यापुढे आणखी एक, मग आकड्यांची चाकं. जपानी पद्धतीच्या मीटरमध्ये केबलीचे ६३७ फेरे झाले की एक किलोमीटर धरतात. ते सगळे फेरे या दोन-तीन गिअरनी मुरवायचे. त्यातला एक गेला की पुढचे सगळे जागच्या जागी.

ही युक्ती जुनी आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अंतर मोजणाऱ्या रथाचे वर्णन आहे. रथाचे चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जाते. आसावर एकच दाता असलेले चक्र आहे; ते दर फेऱ्याला ४०० दात्यांच्या दुसऱ्या चक्राला एक दाता पुढे ढकलते. चारशे फेऱ्यांत पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल, पुरा होतो आणि एक गोल खडा पितळी भांड्यात पडतो. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. मारुतीच्या मीटरमध्ये खड्यांच्या जागी आकड्यांची चाके आली. प्रत्येक चाकाच्या एका कडेला फक्त दोन दाते आणि दुसऱ्या कडेला वीस. एका चाकाचा पुरा फेरा झाला की ते दोन दाते मधल्या पिनियनला हलवतात आणि शेजारचे चाक एक घर सरकते. दोन हजार वर्षांत या कल्पनेत फारसे काही बदललेले नाही. तिचे सामान बदलले, आणि बिघाड सामानातच असतो.

मामांनी चिमट्याने गिअर उचलला. दाते जवळजवळ सगळे होते. मधल्या भोकापासून कडेपर्यंत एक सरळ चीर गेली होती. दांडा फिरायचा, गिअर त्याच्यावर घसरायचा.

भाची : कंपनीनं हा पितळेचा का नाही केला? चार पैसे वाचवले.

मामा : तसं नाही. प्लास्टिकला तेल लागत नाही, आवाज होत नाही, वजन नाही. पितळेला तेल दिलं असतं तर ते उडून वाटीवर बसलं असतं आणि काटा जड झाला असता. आणखी एक आहे. आकडे कुठे अडकलेच तर काहीतरी तुटणार. हा तुटला म्हणून केबल वाचली.

भाची : हा अडकून तुटलेला दिसत नाही मला. दाते शाबूत आहेत. हा उभ्या उभ्या फाटलाय. जुन्या युरोपी गाड्यांत मी हेच बघते. नंतरच्या वर्षांतल्या व्होल्वो २४० घ्या. त्यांचे मीटर केबलीवर नव्हते, छोट्या मोटरवर होते. ओढ काहीच नाही, तरी गिअरचा भुगा झालेला. म्हणून तुमचं ते केबल वाचवण्याचं मला पटत नाही. हा माल वयानं मरतो.

मामा : हे बरोबर बोललीस. भोक दांड्यापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवतात आणि दाबून बसवतात. म्हणजे जन्मापासून तो ताणलेलाच. त्यात डॅशबोर्डवर वैशाखाचं ऊन. प्लास्टिक कडक होत जातं आणि एक दिवस चीर पडते. कोणी चुकीचं तेल सोडलं असेल तर आणखी लवकर.

ट्रिप मीटरचा स्वतंत्र खण असलेल्या गाड्यांत आणखी एक कारण असते, ते इथेच सांगतो, कारण ते आपल्या हातातले आहे. गाडी चालती असताना ट्रिपची कळ दाबून शून्य करू नये. आतले दाते त्या वेळी एकमेकांत गुंतलेले आणि फिरत असतात. त्यांना एका बाजूने केबल ओढते आणि दुसऱ्या बाजूने आपण. गाडी उभी करून कळ दाबावी, गिअर कितीतरी वर्षे जास्त टिकतो.

भाची : चिकटवून बघायचा का?

मामा : नाही टिकणार. हा माल गोंदाला धरत नाही, आणि धरला तरी भोक पुन्हा दांड्यावर दाबायचं म्हणजे तीच चीर उघडायची. नवाच हवा. दाते मोज.

भाची : वीस.

मामा : बाहेरचा व्यास, चीर नसलेल्या बाजूनं?

भाची : अकरा मिलिमीटर.

मामा : दात्यांत दोन मिळव, बावीस. अकराला बावीसनं भाग. अर्धा. हे अर्ध्या मोड्यूलचं चक्र. एवढं कळलं की जगात कुठेही याचा भाऊ शोधता येतो. जुना प्रिंटर, टेपरेकॉर्डर, खेळण्यातली मोटर. मोड्यूल तोच, दाते तेवढेच, भोक पाहिजे तर थोडं लहान, ते वाढवता येतं. हा सरळ दात्यांचा आहे हे आपलं नशीब. वर्मवर चालणारा पहिला गिअर गेला असता तर त्याचे दाते तिरके, आणि तो तिरकेपणा जुळला नाही तर दोघे एकमेकांना खातात.

भाची : एवढं शोधण्यापेक्षा छापून घेऊ. थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये अर्ध्या मोड्यूलचे दाते छान येतात.

मामा : येतात, पण रेझिन ठिसूळ. दाबून बसवलं की तीच चीर, आणखी लवकर. एमआयडीसीत जॉबवर्क करणारे आहेत, त्यांच्याकडून अ‍ॅसिटलच्या दांड्यातून कापून घेऊ. नायलॉन नको. ते हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, आणि आपल्याकडे समुद्राची हवा.

भाची : एका गिअरसाठी कोण मशीन लावून देतो? भोक थोडं सैल ठेवून रेझिनचा बसवा आणि दांड्याला बारीक खाच पाडून गोंदानं धरा. ताणच नाही तर चीर कशाला पडेल?

यावर मामा गप्प झाले. मला भाचीचा उपाय आवडतो, कारण तो बिघाडाच्या मुळाशी जातो. मूळ गिअर सामानामुळे जितका मेला तितकाच तो ज्या पद्धतीने बसवला होता तिच्यामुळे मेला. तसाच नवा आणून तसाच दाबून बसवला तर पुढचा बिघाड आपण आजच ठरवून टाकतो. शेवटी त्यांनी काय बसवले हे वाचकांवर सोडतो; दोन्ही वाटांनी मीटर चालतो. काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मात्र आवर्जून. काटा उपटू नये. उपटावाच लागला तर तो ताण नसताना नेमका कुठे टेकतो त्याची खूण आधी करावी, नाहीतर वेग कायमचा चुकीचा दिसेल. आणि आत स्प्रे मारू नये. बिजागरीला मारायचे तेल मीटरमध्ये गेले की वाटीपर्यंत पसरते.

आता आकडे.

मामा : चाकं आहेत तिथेच ठेवून गिअर बसवतो. ८४,३१६ ला थांबला, ८४,३१६ पासून चालेल.

भाची : थांबा. मीटर कधीपासून बंद आहे?

मामा : दीड-दोन वर्षं असतील.

भाची : आणि गाडी तेवढा काळ रोज चिंचणी ते एमआयडीसी. त्याशिवाय लग्नं, डहाणू, महालक्ष्मीची जत्रा. मामा, या गाडीचं रनिंग लाखाच्या आसपास गेलंय. तुम्ही ८४ वर चालू करणार आणि मी गिऱ्हाईकाला ८४ दाखवणार. हे खोटं आहे. चाकं उघडलीच आहेत तर अंदाजाचे किलोमीटर घालून पुढे न्या. ९८ करा. तो आकडा खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

मामा : चाकांना हात लावायचा नाही.

भाची : का? मागे फिरवणारे चोर असतात. मी पुढे न्यायला सांगतेय. त्यात आपलंच नुकसान आहे, किंमत कमी येईल. स्वतःचं नुकसान करून कोणी फसवतं का?

मामा : प्रश्न नुकसानाचा नाही. ८४,३१६ हा आकडा कोणी ठरवला? गाडीनं. ९८ कोण ठरवणार? तू आणि मी. मीटरवर जे दिसतं ते मोजलेलं असतं असं बघणारा धरून चालतो. आपण आपला अंदाज त्या काचेआड घातला की तो मोजलेला दिसायला लागतो. कोणालाही कळणार नाही की यातले चौदा हजार आपण टेबलावर बसून काढले.

भाची : पण ८४ सुद्धा काचेआडूनच दिसणार. आणि त्यातले चौदा हजार गायब आहेत हेही कोणाला कळणार नाही.

हा वादाचा गाभा. दोघेही प्रामाणिक आहेत आणि तरीही दोघांचे आकडे चौदा हजारांनी वेगळे आहेत. लबाड आणि सज्जन यांच्यातला वाद सोपा असतो. इथे दोन सज्जन माणसे एकाच मीटरसमोर बसून एकमेकांच्या आकड्याला खोटे म्हणत आहेत. अमेरिकेत १९७२ साली झालेल्या कायद्याने हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. दुरुस्तीनंतर मीटर पूर्वीच्याच आकड्यावर ठेवता येत असेल तर तसा ठेवायचा. येत नसेल तर शून्यावर आणायचा, आणि डाव्या दरवाज्याच्या चौकटीवर चिठ्ठी लावायची: दुरुस्तीपूर्वी आकडा काय होता आणि दुरुस्ती कधी झाली. अंदाजाने पुढे न्यायची मुभा त्यात नाही. म्हणजे कायदा मामांच्या बाजूचा. पण त्याच कायद्याखाली विकणाऱ्याला मालकी बदलताना आकडा लेखी द्यावा लागतो, आणि तो खरा नाही हे माहीत असेल तर तसेही लिहून द्यावे लागते. हा भाग भाचीच्या बाजूचा.

भाची : आपल्याकडे मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरतात. चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, विकत घेणाऱ्याचा पत्ता आहे. किलोमीटरचा रकाना आहे का? नाही. म्हणजे सगळा भरवसा त्या काचेवर. म्हणून मी म्हणते, काचेवरचं खऱ्याच्या जवळ असू द्या.

मामा : आणि मी म्हणतो, भरवसा काचेवर आहे म्हणूनच काचेत आपलं मत घालू नकोस.

भाची : तुमच्या त्या मोजलेल्या आकड्याचं मला एवढं कौतुक नाही. टायर नवे असताना आणि तीन मिलिमीटर घासल्यावर चाकाचा घेर एक टक्क्याहून जास्त कमी होतो. हजार किलोमीटरला दहा-बारा किलोमीटर मीटर जास्तच दाखवतो. ८४ हजारांत हजारभराची चूक सहज आहे. शिवाय तुमचा मीटर पाच आकडी. लाख झाले की पुन्हा शून्य. ९९,९९९ नंतर नवीकोरी गाडी! हा कसला खरा आकडा?

मामा : चूक आहे, मान्य. पण त्या चुकीचं कारण सांगता येतं आणि तिला मर्यादा आहे. टायर किती घासेल? जास्तीत जास्त इतका. म्हणजे चूक जास्तीत जास्त इतकी. तुझ्या चौदा हजारांना मर्यादा कुठे आहे? दहा असतील, वीस असतील. उपकरणाची चूक आणि माणसाचा अंदाज एका आकड्यात मिसळले की पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. आम्ही कॅलिब्रेशनला गेज काढला की कार्डावर आधी लिहायचो, सापडला तेव्हा किती दाखवत होता. दुरुस्त केला की दुसऱ्या रकान्यात, सोडताना किती दाखवतो. दोन रकाने. पहिला रकाना खाडाखोड करून दुसरा लिहिणाऱ्याला आमच्याकडे काम नव्हतं.

भाची : कार्डाचं ठीक आहे, तुमच्या प्लांटमध्ये कार्ड वाचणारा माणूस होता. इथे गाडी घेणारा डोकं आत घालतो, किल्ली फिरवतो, आकडा बघतो आणि भाव करतो. तुमचं कार्ड कोण वाचणार? मी रोज बघते. क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, स्टीअरिंग चकाकतंय, टायरवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं त्यावरून तिसरा सेट कळतोय, आणि मीटर म्हणतो चाळीस हजार. नव्या गाड्यांत तर चाकंच नाहीत, लॅपटॉप जोडला की चिपमधला आकडा बदलतो. फसलेला माणूस कुठे जाणार? फसवणुकीचं कलम आहे, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. पण आकडा किती होता आणि कोणी बदलला हे सिद्ध कशावरून करणार? कागदच नाही.

भाचीच्या या बोलण्यात जो राग आहे तो मला योग्य वाटतो. बेल्जियमने २००४ साली कायदा केला. त्याखाली गॅरेजवाल्यांनी, टायरवाल्यांनी गाडी हातात आली की त्या दिवशीचा आकडा एका मध्यवर्ती नोंदीत कळवायचा, आणि गाडी विकताना ती नोंद घेणाऱ्याच्या हातात द्यायची. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडीचे पुन्हा पासिंग होते, आणि पुढे दर पाच वर्षांनी. अशा प्रत्येक वेळी मीटरवरचा एक आकडा आरसीच्या नोंदीत चढवायला कितीसा वेळ लागेल? फॉर्म २९ आणि ३० मध्ये एक रकाना वाढवायला किती? गिअर बदलणाऱ्या माणसाने प्रामाणिक राहायचे की नाही, एवढ्यावर जुन्या गाडीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे पैसे टांगून ठेवणे अन्यायाचे आहे. आणि प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. टायमिंग बेल्ट, ऑइल, ब्रेकचे पॅड हे सगळे किलोमीटर बघून बदलतात. चौदा हजार लपलेल्या गाडीचा बेल्ट नव्या मालकाच्या हिशेबात अजून तरुण असतो, आणि तो एखाद्या रात्री मनोरच्या अलीकडे तुटतो.

मामा : बरं, मग असं करू. चाकं ८४,३१६ वरच. पण मीटरच्या अंगावर, काचेच्या आत, डायलच्या कोपऱ्यात चिठ्ठी. गिऱ्हाईक आकडा बघेल तिथेच दिसेल अशी. इतक्या तारखेला गिअर बदलला, त्या आधी मीटर बंद होता.

भाची : कधीपासून बंद, ते?

मामा : ते नक्की कुठे माहीत आहे?

भाची : शोधता येईल. शेवटचं ऑइल बदललं त्या बिलावर मेकॅनिकनं आकडा लिहिलाय का बघा. पीयूसीच्या पावत्या काढा. पेट्रोलची बिलं?

मामा : बिलं आहेत. सगळी नाहीत.

भाची : जेवढी आहेत तेवढी. लिटर मोजू, गाडीचा अ‍ॅव्हरेज धरू, किलोमीटर निघतील. रोजच्या येण्याजाण्याचं अंतर वेगळं मोजू. दोन वाटांनी काढलेले आकडे जवळ आले तर अंदाज धरण्याजोगा.

मामा : आणि जवळ आले नाहीत तर?

भाची : तर दोन्ही लिहू.

मामा : म्हणजे एक आकडा नाही. कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके.

भाची : चालेल. पण लिहायचंच. नुसतं बंद होता असं लिहून सोडलं तर वाचणाऱ्याला वाटेल आठ-पंधरा दिवस बंद असेल.

मामांनी गिअर बसवला. मग त्यांनी असे काही केले ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. आकड्यांची पाचही चाके एका रेषेत आहेत का ते भिंगातून पाहिले. उघडलेल्या मीटरमध्ये एखादे चाक किंचित वरखाली राहिले की आकडा तिरका दिसतो, आणि जुन्या गाड्या पारखणारे लोक तिरका आकडा पाहिला की मीटर फिरवला म्हणून मोकळे होतात. भाचीने स्वतः हे अनेकदा म्हटले असणार. सरळपणे केलेली दुरुस्ती चोरीसारखी दिसू नये, एवढी काळजी दुरुस्त करणाऱ्याने घ्यायलाच हवी.

तपासायला गाडी महामार्गावर नेली. बोईसरहून चिल्हार फाट्याला लागायचे आणि तिथून अहमदाबादच्या दिशेने कडेचे किलोमीटरचे दगड धरायचे. एका दगडावर भरवसा ठेवू नये, तो रुंदीकरणात हललेला असू शकतो. दहा दगड घेतले तर एखाद्याची चूक त्यात मुरते. शेवटचे चाक दगडाशी नेमके कुठे होते ते टिपायचे, दहाव्या दगडाशी पुन्हा टिपायचे. फरक एक-दोन टक्क्यांत आला तर तो टायरचा. पाच टक्के किंवा त्याहून जास्त आला तर गिअरचे दाते मोजण्यात चूक झाली, पुन्हा उघडा. वीसच्या जागी एकोणीस दात्यांचा गिअरही मीटर आनंदाने फिरवतो, फक्त आकडा पाच टक्क्यांनी खोटा असतो. म्हणून मीटर चालू झाला एवढ्यावर काम संपत नाही.

परत येताना भाची म्हणाली,

भाची : चिठ्ठी बघून गिऱ्हाईक भाव पाडणार, माहीत आहे ना?

मामा : किती पाडेल?

भाची : तुम्ही कमीत कमी ते जास्तीत जास्त असं लिहिलंत की तो जास्तीत जास्तच धरणार. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच धरलं असतं.

मामा : मग तू आत्ताच वरच्या टोकानं भाव काढ. तो सांगायच्या आधी आपण सांगू.

भाची : आणि बेल्ट?

मामा : बेल्ट उद्या बदलू. त्याचं बिल आरसीबरोबर ठेव, त्यावर आजचा आकडा आणि तारीख लिहून घे.